जुनी ४०७ टोचन गाडी: १४ महिन्यांत तीन क्रॉस, दोन सेंटर बेअरिंग, एक क्राऊन-पिनियन. नक्की बघू तरी कुठे?

शिरवळचा_टोचनवाला · ३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, त्यामुळे काही सांगायचं राहिलं तर विचारा.

माझी टाटाची ४०७ (छोटा ट्रक) आहे, २००७ मॉडेल, २९५६ सीसीचं ४९७ टर्बो इंजिन, मागे डबल टायर. २०१८ ला सेकंडहँड घेतली, चार वर्षं भाजीपाला आणि कोंबडीखाद्य भरलं आणि खरं सांगतो, त्या चार वर्षांत गाडीने एक क्लच प्लेट सोडली तर काही मागितलं नाही. मग भाड्याला परवडेना म्हणून मागची बॉडी काढली आणि अंडरलिफ्ट (बंद गाडीची चाकं खालून उचलणारा दांडा) बसवून टोचन गाडी केली, आरटीओत बदल नोंदवून घेतलाय. काम शिरवळ ते सातारा, जास्त करून खंबाटकीत बंद पडलेल्या गाड्या.

तेव्हापासून मागे जे लागलंय ते थांबत नाही. हौजिंगकडचा (मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलकडचा) क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, तीनदा गेला, तिन्ही वेळा तोच, गिअरबॉक्सकडचा कधीच नाही. पुढच्या-मागच्या शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर दोनदा फाटलं. गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील बदललं की दीड-दोन महिन्यात परत गळायला लागतं. टेल पिनियनचं (हौजिंगमधला, शाफ्टने फिरणारा छोटा गिअर) बेअरिंग ओरडायला लागलं, तसंच चालवलं ही माझी चूक, क्राऊनचे (त्याच्याशी जुळणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात तुटले, पूर्ण सेट घातला. आणि मागच्या महिन्यात क्लच प्लेट उतरवली तर घर्षणाचं मटेरियल निम्म्याहून जास्त शिल्लक पण मधल्या हबच्या स्प्रिंगा मोडलेल्या.

प्रत्येक वेळी मिस्त्री एकच सांगतो, की पार्ट डुप्लिकेट होता आता कंपनीचा टाकतो. दोनदा कंपनीचाच टाकलाय, पावत्या आहेत.

हे लिहायचं कारण म्हणजे परवा तिसरा क्रॉस तुटला तो घाटाच्या चढात, मागे कार उचललेली आणि त्या कारमधली बाई आणि दोन लहान पोरं माझ्या केबिनमध्ये बसलेली. मोठा आवाज झाला आणि इंजिनचा चाकांशी संबंधच तुटला, गिअर टाकून काही उपयोग नाही, फूटब्रेकवर धरली, माझा पोरगा उतरून चाकांना दगड लावेपर्यंत पाय हलवला नाही. शाफ्ट मागच्या बाजूने खाली पडून रस्त्यावर घासत होता. त्या रात्री झोप नाही लागली. आता कारण सापडल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही असं ठरवलंय.

नाशिक_ट्रान्सपोर्ट · ३ नोव्हेंबर

दादा सरळ आहे, ओव्हरलोड. मागे लोंबकळता बोजा म्हणजे तरफ. ४०७ ने छोटी कार ओढावी, तुम्ही एसयूव्ही उचलत असणार. हौजिंगला झेपत नाही म्हणून तुटतंय. मोठी गाडी घ्या.

बोरघाट_क्रेन · ३ नोव्हेंबर

ओव्हरलोड असेल तर एक्सल शाफ्ट पिळला गेला असता किंवा व्हील बेअरिंग गेलं असतं, यांचं तर दोन्ही नीट आहे असं दिसतंय. माझ्या मते ग्रीस. क्रॉसला निप्पल आहे का, आणि ग्रीस मारल्यावर चारही कपातून (पिनांवरच्या टोप्या, आत सुयांचं बेअरिंग असतं) बाहेर येतं का? बऱ्याचदा तीन कपातून येतं आणि चौथा कोरडा राहतो, तोच जातो. आणि हौजिंगमध्ये ऑइल कुठलं घालताय? तिथे ईपी ९० जीएल-५ पाहिजे, साधं गिअर ऑइल टाकलं तर क्राऊनचे दात टिकत नाहीत.

शिरवळचा_टोचनवाला · ४ नोव्हेंबर

ग्रीस दर आठवड्याला मी स्वतः मारतो, चारही बाजूंनी नवं ग्रीस दिसेपर्यंत. ऑइल ईपी ९० च आहे. एसयूव्ही उचलतो हे खरं आहे, सगळ्यात जड म्हणजे १८०० किलोच्या आसपासची.

दापोडी_फोरमन · ४ नोव्हेंबर

टोचनवाले भाऊ, मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत नोकरी केली, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आमच्याकडे बसचे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, शाफ्ट हे सगळं उघडून यायचं आणि पहिला नियम असा होता की मोडका पार्ट टेबलावर ठेवल्याशिवाय नवा पार्ट मिळायचा नाही. कारण मोडलेलाच पार्ट सांगतो त्याला कोणी मोडलं.

तुमचे तिन्ही जुने क्रॉस आहेत की भंगारात गेले? असतील तर कप काढा, डिझेलने धुवा आणि त्या चार पिनांचे फोटो टाका. मी काय बघणार ते आधीच सांगतो म्हणजे तुम्हालाही कळेल.

पिनेवर लाल-तपकिरी पूड, गंज असेल तर ग्रीस पोचलं नाही किंवा पाणी शिरलं. निळसर-जांभळा रंग असेल तर तापलाय. पिनेवर सुयांच्या समांतर खाचा उमटल्या असतील, बोट फिरवलं की दाते लागतील, तर एकतर टॉर्कचे मोठे झटके बसलेत नाहीतर जॉइंट जवळजवळ सरळ रेषेत चाललाय. लोकांना वाटतं शाफ्ट एकदम सरळ असला की उत्तम, पण क्रॉसला थोडा तरी कोन लागतोच, अर्धा-एक अंश, नाहीतर सुया फिरतच नाहीत, एकाच जागी बसून ठोकत राहतात. आणि पिनेची टोकं, कपाच्या तळाला घासतात ती, खरचटलेली असतील तर कोन फार जास्त आहे.

दुसरं, हादरा कधी येतो ते नीट लिहा. रिकामी गाडी किती स्पीडला थरथरते, भरलेली गाडी उठताना काय करते, आणि रेस सोडल्यावर बंद होतं की नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. अंडरलिफ्ट बसवताना फॅब्रिकेटरने चेसीखाली नेमकं काय काय केलं? पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ते एक्सलला आवळणारे यू-बोल्ट, शाफ्टची लांबी, काहीही. चार वर्षं नीट चाललेली गाडी एका दिवसानंतर बिघडायला लागली तर तो दिवस उघडून बघायचा.

शिरवळचा_टोचनवाला · ६ नोव्हेंबर

काका, दोन क्रॉस सापडले, एक गेलाच. फोटो टाकलेत. गंज नाही. दोन्हीच्या समोरासमोरच्या दोन पिनांची टोकं खरचटलेली आहेत आणि एका बाजूला सुयांच्या खाचा आहेत, पण एकाच अंगाला.

हादरा असा आहे: रिकामी गाडी ५० च्या पुढे गेली की फ्लोअरला आणि सीटखाली थरथर, ६० ला गिअरचा दांडा दिसेल इतका हलतो. न्यूट्रल करून सोडली तरी स्पीड उतरेपर्यंत राहते. मागे गाडी उचललेली असली की वेगळंच, फर्स्टमध्ये उठताना घुडघुड-घुडघुड असा झटका, १०-१५ चा स्पीड आला की जातो.

फॅब्रिकेटरने मागच्या पाट्यात दोन जादा पाटे घातले, पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा दिला कारण मागून गाडी बसत होती, त्यामुळे मागचा शाफ्ट तोकडा पडला म्हणून तो कापून पाईप वाढवला. हे सगळं त्याने एकाच आठवड्यात केलं, मी तेव्हा भाताच्या काढणीत होतो, समोर नव्हतो.

लेथ_उद्यमनगर · ६ नोव्हेंबर

इथेच थांबा सगळे. शाफ्ट कापून पाईप वाढवला. बॅलन्स केला होता का?? कोल्हापुरात आमच्याकडे असे शाफ्ट आठवड्याला दोन-तीन येतात, साध्या वेल्डिंगने जोडलेले, लेथवर लावला की पाईप दोन-दोन मिलिमीटर मारतो. आणि बॅलन्सपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दोन टोकांच्या योकांचे (क्रॉस धरणाऱ्या काट्यांचे) कान एका रेषेत आहेत का. ते नसतील तर बॅलन्स करून काही उपयोग नाही.

नाशिक_ट्रान्सपोर्ट · ६ नोव्हेंबर

कान एका रेषेत नसले तर काय होतं? शाफ्ट तर गोलच फिरणार ना. आणि ओव्हरलोड माझा मुद्दा आहेच.

कराडची_यंत्रशिक्षिका · ७ नोव्हेंबर

हे मी वर्गात दरवर्षी शिकवते त्यामुळे जरा लांब लिहिते, कारण इथे सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे असं मला वाटतं.

क्रॉस जॉइंट कोनात चालला की एक बाजू सारख्या वेगाने फिरत असली तरी दुसरी सारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे पडते. कोन ३ अंश असला तर हा फरक नगण्य, हजारात एक-दीड. १० अंश झाला की वेग दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली. दीड टक्का ऐकायला कमी वाटतं पण इंजिन २००० आरपीएमला टॉप गिअरमध्ये असेल तर शाफ्ट सेकंदाला तेहतीस-एक फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सहासष्ट-एक वेळा तो शाफ्ट ओढला आणि ढकलला जातोय आणि त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स-क्लच आहे तर दुसऱ्या टोकाला पिनियन आणि अख्ख्या गाडीचं वजन. क्लच प्लेटच्या हबमधल्या स्प्रिंगा हे असले पिळाचे झटके गिळण्यासाठीच असतात. त्या मोडल्यात आणि प्लेट मात्र शिल्लक आहे, हे मला तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये खटकलं होतं.

मग सगळ्या गाड्या कशा चालतात? तर शाफ्टच्या एका टोकाचा जॉइंट जितकं पुढे-मागे करतो तितकंच दुसऱ्या टोकाचा उलटं करून भरून काढतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही योकांचे कान एका रेषेत हवेत. कान काटकोनात बसले तर भरून निघायच्या ऐवजी गडबड दुप्पट होते. नाशिकच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

ओव्हरलोडचा मुद्दा मी सोडत नाहीये, तो मोजून बघता येतो. भाऊ, जवळचा वजनकाटा गाठा. रिकाम्या गाडीची आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. मग सगळ्यात जड गाडी उचलून परत तेच. गाडी चालवायची नाही म्हणालात, तर कोणाकडून तरी टोचन करून न्या पण मोजा.

बोरघाट_क्रेन · ७ नोव्हेंबर

ताई फार छान समजावलंत, वीस वर्षं धंदा करतोय, कान सरळ ठेवायचे हे माहीत होतं पण का ते आज कळलं.

टोचनवाले, अजून एक विचारतो, राग मानू नका. रस्त्याच्या खाली गेलेली गाडी बाहेर कशी काढता? विंचने (दोर गुंडाळून ओढायच्या यंत्राने) की साखळी लावून गाडीनेच?

शिरवळचा_टोचनवाला · ७ नोव्हेंबर

राग कसला. विंच आहे पण साखळीने पटकन होतं म्हणून बऱ्याचदा गाडीनेच. ड्रायव्हर माझा मेव्हणा आहे, तो थोडा झटका देऊन काढतो.

बोरघाट_क्रेन · ७ नोव्हेंबर

ते आजपासून बंद. साखळी ढिली ठेवून गाडी पळवायची आणि साखळी ताणली की गाडी जागेवर थांबते, पण फ्लायव्हील, गिअरबॉक्स, शाफ्ट हे सगळं फिरतंच राहायला बघतं, तो सगळा जोर त्या क्षणाला क्रॉसच्या पिनांवर आणि क्राऊनच्या दोन दातांवर येतो. एकाच अंगाच्या खाचा त्या त्याच्याच असणार. शिवाय साखळी तुटून माणसाला लागली तर विषयच संपला. विंच वापरा, चाकांना ओट (अडसर) लावा, माणसं लांब उभी करा. मेव्हण्याला माझा नंबर द्यायची गरज नाही, हे वाचूनच दाखवा.

दापोडी_फोरमन · ८ नोव्हेंबर

बोरघाटवाल्यांचं बरोबर आहे, पण खाचांमुळे टोकं खरचटत नाहीत. ती कोनाची खूण आहे. दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि एकाच पार्टवर दिसतायत.

मोजायचं कसं ते लिहितो. गाडी सपाट जागी उभी करा, चाकं जमिनीवर, जॅकवर घ्यायची नाही कारण पाटे लोंबले की सगळे कोन बदलतात. चाकांना पुढून-मागून ओट. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालेल, कव्हर काढून मोबाईलची कड टेकवा. चार ठिकाणं: गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती), पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट, पिनियनचा फ्लँज. फ्लँज उभा असतो, त्याच्या तोंडाला मोबाईल लावला की ९० मधून वजा करायचं. प्रत्येक ठिकाणी उतार मागच्या बाजूला खाली आहे की वर हे लिहून ठेवा, गोंधळ इथेच होतो. जमीन थोडी उताराची असली तरी बिघडत नाही, आपल्याला दोन शेजारच्यांमधला फरकच हवाय.

हे रिकामं आणि मग गाडी उचलून, दोन्ही.

आणि मागचा शाफ्ट उतरवायच्या आधी सरकणाऱ्या योकवर आणि पाईपवर एका रेषेत पंच मारा. मूळच्या शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, तुमच्या कापलेल्यावर असतीलच असं नाही.

शिरवळचा_टोचनवाला · १२ नोव्हेंबर

आकडे आणलेत. कागदावरून जसेच्या तसे लिहितोय.

वजनकाटा, रिकामी: पुढे १६५०, मागे १९५०, एकूण ३६००.
एसयूव्हीची पुढची चाकं उचलून: पुढे ११३०, मागे ३३७०, एकूण ४५००.
आरसीवर ग्रॉस (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) ५३०० आहे.

कोन, रिकामी गाडी, सगळे उतार मागे खाली: गिअरबॉक्स ३, पुढचा शाफ्ट ४, मागचा शाफ्ट ११. पिनियन मात्र उलटा, १ अंश मागे वर, म्हणजे पिनियनचं नाक किंचित खाली वाकलेलं.
गाडी उचलून: गिअरबॉक्स ५, पुढचा शाफ्ट ६, मागचा शाफ्ट ९, पिनियन ०.

शाफ्ट उतरवला. घरासमोरच्या ओट्यावर ठेवून एका टोकाच्या कानांवर पाणसळ लावून सरळ केली आणि तीच पाणसळ दुसऱ्या टोकाला ठेवली तर बुडबुडा एका बाजूला जाऊन चिकटला. नुसत्या डोळ्यांनीही दिसतंय. मी स्प्लाइनचे (सरकणारा योक शाफ्टमध्ये बसतो तिथले) दाते मोजले, १६ आहेत.

कराडची_यंत्रशिक्षिका · १२ नोव्हेंबर

१६ दाते म्हणजे एक दात चुकला की साडेबावीस अंश. कुठल्यातरी क्रॉसच्या वेळी शाफ्ट ओढून काढला आणि परत घालताना एक दात सरकला, बहुतेक असंच झालंय. तपासा, एक दात फिरवल्यावर पाणसळ दोन्हीकडे जुळते का.

आता कोन. मधला क्रॉस ११ वजा ४, ७ अंश. हौजिंगकडचा ११ आणि १, मिळून १२ अंश. एकमेकांना भरून काढायला दोन्ही सारखे हवेत आणि इथे ७ ला १२. कान सरळ असते तरी जे शिल्लक राहतं ते १२ च्या वर्गातून ७ चा वर्ग वजा करून वर्गमूळ, साधारण पावणेदहा अंशाचा एकच जॉइंट लावल्यासारखं. हे ३ च्या आत ठेवायचं असतं. गाडी उचलल्यावर मधला ३ आणि हौजिंगकडचा ९, तिथेही साडेआठ शिल्लक. फर्स्ट गिअरला उठताना इंजिनचा टॉर्क गिअरबॉक्सने वाढवून शाफ्टवर आलेला असतो, त्या वेळी ९ अंश. तुमची घुडघुड तीच. आणि गिअरबॉक्सकडचा क्रॉस १ अंशावर चाललाय म्हणून तो कधी गेला नाही.

वजनाबद्दल: ४५०० हे ग्रॉसच्या आत आहे. पण पुढचा ५२० किलो भार उडालाय, जवळजवळ एक तृतीयांश. हे शाफ्ट तोडत नाही, पण स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक हलके करतं, आणि तुम्ही घाटात उतरता. हूक एक्सलपासून किती मागे आहे?

शिरवळचा_टोचनवाला · १२ नोव्हेंबर

१८० सेंटीमीटर. बूम (उचलायचा दांडा) आत घेता येते पण ४० सेंटीमीटर बाहेर ठेवून पिन कायमची मारलीय, मोठ्या बंपरच्या गाड्यांना लागू नये म्हणून.

नाशिक_ट्रान्सपोर्ट · १३ नोव्हेंबर

वजनाचे आकडे बघितले. मी चुकलो, हे ओव्हरलोडचं नाही. माझ्या स्वतःच्या एका गाडीचा सेंटर बेअरिंग सहा महिन्याला जातो, उद्या तिच्याखाली मोबाईल घेऊन जातोय.

दापोडी_फोरमन · १३ नोव्हेंबर

भाऊ, आता तो ठोकळा काढून हातात घ्या. पाटा आणि एक्सलच्या मधला. मला त्याचे दोन आकडे द्या, पुढच्या कडेची जाडी आणि मागच्या कडेची. सेंटर बोल्टच्या भोकाच्या दोन्ही बाजूला.

शिरवळचा_टोचनवाला · १६ नोव्हेंबर

काका तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत?

ठोकळा सरळ नाहीये. पाचर आहे. दोन्ही बाजूचे काढले, लेथवाल्याकडे मोजून घेतले, कोन बरोबर अडीच अंश, आणि जाड बाजू पुढे होती.

दापोडी_फोरमन · १६ नोव्हेंबर

ओळखलं नाही, शंका होती. गाडी मागून उचलली की शाफ्टचा उतार वाढतो, म्हणून पिनियनचं नाक वर करायला पाचर घालतात. म्हणजे बनवणाऱ्याला काय करायचं ते माहीत होतं, बनवलीही बरोबर. बसवणाऱ्याने उलटी बसवली. ४०७ ला एक्सल पाट्याच्या खाली असतो, जाड बाजू पुढे घातली की एक्सलची पुढची कड खाली ढकलली जाते आणि नाक खाली जातं. वर जायच्या ऐवजी. अडीच वर हवं होतं ते अडीच खाली गेलं, एकूण पाच अंशाची चूक.

सरळ फिरवा. पिनियन उणे १ वरून ४ वर यायला हवा, आणि तुमचा पुढचा शाफ्ट ४ वर आहे. बघा कसं जुळतंय.

पण फक्त फिरवून थांबू नका. यू-बोल्ट नवे टाका, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत, आणि ५०० किलोमीटरनंतर परत आवळा. टेल पिनियनचा नट मिस्त्रीने एअर गनने आवळला असेल तर तो सेटही परत तपासून घ्या. पिनियनला किती दाबात बसवलंय हे बघायला फ्लँजवर सुतळी गुंडाळून ताणकाट्याने ओढायचं, सावकाश फिरत असताना काटा किती दाखवतो तो आकडा मॅन्युअलशी जुळवायचा. हाताने हलवून "ठीक आहे" म्हणणाऱ्याला हौजिंग देऊ नका. क्राऊनच्या दातांना निळा रंग लावून उमटणारा ठसाही बघा, दाताच्या मध्यावर यायला हवा, कडेला आला तर हाही सेट टिकणार नाही.

लेथ_उद्यमनगर · १७ नोव्हेंबर

शाफ्ट जुना जोडलेला परत वापरू नका दादा, विनंती आहे. अख्खा नवा पाईप टाका, एका तुकड्याचा, दोन्ही योक लेथवर सरळ करून वेल्ड आणि मग मशिनवर बॅलन्स. कुठेही करा पण बॅलन्सिंग मशिन असलेल्या ठिकाणी करा. आणि स्प्लाइनवर दोन्हीकडे बाण कोरून घ्या, पंच पुरेसा नाही, रंगाखाली दिसत नाही.

शाफ्टखाली पट्टीचं कडं पण लावून घ्या. तुमचं नशीब की मागचं टोक पडलं, ते घासत येतं. पुढचं टोक पडून रस्त्यात रुतलं असतं तर गाडी उचलून टाकते.

शिरवळचा_टोचनवाला · २८ नोव्हेंबर

काम झालं. पाचर फिरवली, यू-बोल्ट नवे, शाफ्ट कोल्हापुरातून नवीन पाईप घालून बॅलन्स करून आणला, बाण कोरलेत, कडं लावलं, सेंटर बेअरिंग आणि क्लच प्लेट नवीन. हौजिंग उघडलं तेव्हा ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे येत होता, शिम (पातळ चकत्या) बदलून मधे आणला. अजून एक सापडलं, मागच्या डाव्या जोडीत एक टायर रिमोल्ड होता आणि उजव्या जोडीपेक्षा घेर जवळपास तीन सेंटीमीटर कमी, म्हणजे डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर सरळ रस्त्यालाही फिरतच होते. चारही सारखे केले.

बूमची पिन काढली, ४० सेंटीमीटर आत घेतली. परत वजनकाट्यावर गेलो, तीच एसयूव्ही, पुढे आता १२४५.

नवे कोन रिकामे: ३, ४, ११, ४. उचलून: ५, ६, ९, ५.

कराडची_यंत्रशिक्षिका · २८ नोव्हेंबर

रिकामी ७ आणि ७, उचलून ३ आणि ४. आकडे बघून फार बरं वाटलं. रिकाम्या गाडीचे ७ मला अजून थोडे जास्त वाटतात, जुळत असले तरी सुया जास्त हलतात, क्रॉसचं आयुष्य कमी होतं. पुढेमागे ठोकळ्याची उंची कमी करून एक जादा पाटा काढता आला तर बघा.

शिरवळचा_टोचनवाला · २९ नोव्हेंबर

ताई, आज रिकामी गाडी सातारा रोडला नेली. ६० ला गिअरचा दांडा हलत नाही. मेव्हणा शेजारी बसला होता, त्याने दांड्यावर हात ठेवला आणि मग काढून घेतला आणि काही बोलला नाही, मग खंबाटकी चढून वर आल्यावर म्हणाला की साखळी मी विकून टाकतो. विकू नको म्हणालो, टोचनला लागेल, झटक्याला नाही.

दापोडी_फोरमन · ३० नोव्हेंबर

१००० किलोमीटरला हौजिंगला हात लावून बघा, चढ चढून आल्या आल्या, पिनियनच्या बाजूला. सावकाश लावा. हात ठेवता येत नाही इतकं गरम असेल तर दाब जास्त झालाय, लगेच कळवा. आणि ४-५ महिन्यांनी हौजिंगकडचा क्रॉस उघडून पिना दाखवा, चालत असला तरी.

शिरवळचा_टोचनवाला · ९ एप्रिल

काका, उशीर झाला, मधे पोराची बारावी होती. गाडी ११ हजार किलोमीटर झाली, त्यात बहुतेक घाट. हौजिंग कोमट राहतं. गिअरबॉक्सचं सील कोरडं आहे, सेंटर बेअरिंगचं रबर नव्यासारखं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे जानेवारीत एक जादा पाटा काढला आणि ठोकळ्याची उंची कमी केली, रिकामी आता ५ आणि ५ आहे.

क्रॉस काल उघडला, चारही पिना धुऊन फोटो टाकतोय. बोट फिरवलं, कुठे काही लागत नाही.

दापोडी_फोरमन · ९ एप्रिल

बघितला. परत बसवायचा नाही, उघडलाय तर सर्कलिप नव्या टाकून दुसरा घाला, आणि हा जपून ठेवा. बाण जुळवून घाला.